पूजेबाहेरचा पाना

चाळीस वर्षं मी मोटारी दुरुस्त केल्या. लोक विचारतात, मिस्त्री, या धंद्यात भीती कशाची वाटते? जॅक घसरण्याची, की पेट्रोल पेटण्याची? मी मान डोलावतो, कारण ते सोपं पडतं. खरी भीती वेगळीच आहे. गिऱ्हाईक विचारतं, "झालं का?" आणि हातातलं काम पुरतं झालेलं नसताना आपल्या तोंडून "झालं" निघून जातं. माझ्या तोंडून ते एका खंडेनवमीला निघालं. त्यानंतर अमरावतीहून मोझरीपर्यंत मी जो प्रवास केला, तो आठवला की आजही माझे तळवे ओले होतात. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्या आता राहिल्या नाहीत. म्हणून इथं सांगतो.

मी शेतकऱ्याच्या घरचा. घरी काळी जमीन, कपाशी आणि तूर. पण मला मातीपेक्षा लोखंडाचा नाद, म्हणून अकोल्याला गोविंद मिस्त्रींच्या हाताखाली सहा वर्षं काढली. स्टेरिंग मागंपुढं करण्याचं काम मी तिथंच शिकलो. हे काम तेव्हा क्वचित यायचं. बहुतेक गाड्यांचं स्टेरिंग कारखान्यातून जिथं बसून यायचं तिथंच जन्मभर राहायचं, माणसानंच त्याच्यापुढं स्वतःला कसंबसं बसवून घ्यायचं. पण इंग्रज साहेब जाताना दोन माणसांच्या, उघड्या, बसक्या, शर्यतीच्या वळणाच्या काही जुन्या गाड्या मागं ठेवून गेले होते. त्यांच्यात ही सोय होती.

ती सोय साधी होती. स्टेरिंगच्या दांड्यावर लांबीनं खाचा असतात, आणि चाकाच्या मधल्या नळीत आतून तशाच खाचा. त्यामुळं चाक दांड्यावर मागंपुढं सरकतं, पण दांडा सोडून एकटंच गरगर फिरत नाही. हव्या त्या जागी चाक आणलं की नळीभोवती एक चिरलेली कॉलर असते, ती बोल्टनं आवळायची. शिवाय दांड्याच्या टोकाला, भोंग्याच्या बटणाखाली, एक लोखंडी कडी असते. कॉलर ढिली राहिलीच, तर चाक दांड्यावरून निघून मालकाच्या हातात येऊ नये म्हणून ही कडी. म्हणजे राखणदार दोन. एकाला डुलकी लागली तरी दुसरा जागा असतो.

गोविंद मिस्त्रींचा दंडक होता की मालकाला बसवल्याशिवाय आवळायचं नाही. आधी त्याला सीटवर पाठ टेकवून बसवायचं. मग हात सरळ लांब करून मनगट चाकाच्या वरच्या कडेवर ठेवायला सांगायचं. खांदा पाठीपासून न उचलता मनगट तिथं टेकलं, तर अंतर बरोबर. तळवा टेकला तर चाक लांब आहे, कोपराखालचा हात टेकला तर फार जवळ आहे. मग चाक पुरतं डावीकडे, पुरतं उजवीकडे फिरवायला लावायचं आणि गुडघे बघायचे. एवढं झालं की पाना.

हेही दिसतं तितकं सोपं नसतं. अकोल्याचे एक शेठ, कापसाचा जिन चालवणारे, आले होते. स्टेरिंग पोटाला लागतं म्हणाले. मी बसवलं, मापलं, आवळलं. चौथ्या दिवशी परत आले आणि सदरा वर करून पोटावरचा लाल वळ दाखवला. गोविंद मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू पाहात होता तवा शेठजीनं पोट आत घेतलं होतं. माणसाले लाज असते ना बापू. त्याले गोष्टीत गुंतव, मंग माप घे." तेव्हापासून मी मापाच्या वेळी गिऱ्हाइकाला कपाशीचा भाव विचारायचो. कपाशीचा भाव सांगताना वऱ्हाडातला माणूस पोट आत धरून ठेवू शकत नाही.

गोविंद मिस्त्रींच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. खंडेनवमीला सगळी अवजारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही रीत सगळ्याच कारागिरांची. वर्षभर ती आपल्यासाठी झिजतात, एक दिवस त्यांचा. मिस्त्री सांगायचे, तरुणपणी त्यांनी एकदा एका घाईच्या गिऱ्हाइकापायी पूजेतला हातोडा उचलला आणि त्याच दुपारी दोन बोटं गेली. खरं खोटं त्यांनाच माहीत. पण सांगताना ते तो हात माझ्या तोंडापुढं धरायचे. मी हसण्यावारी नेत नसे. माझ्या मनात ती भीती खिळ्यासारखी बसली.

पुढं मी अमरावतीला आलो आणि राजापेठेत स्वतःचं गॅरेज टाकलं. पुढं शेड, मागं दोन खोल्या, त्यात मी आणि माझी आई. इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. तिथं माझ्याकडे डॉक्टरीणबाईंची गाडी यायला लागली.

नाव वत्सलाबाई, पण सगळं गाव डॉक्टरीणबाई म्हणे. पुण्याच्या माहेराहून अमरावतीत दिलेल्या, बाळंतपणं करणाऱ्या. यजमान वकील होते, चांगले सहा फूट उंच. एका साहेबाकडून त्यांनी हौसेनं ती लाल उघडी गाडी घेतली आणि दोन वर्षांत तापानं गेले. बाई तेव्हा गाडी चालवायला शिकल्या. पांढरं पातळ, पायात चपला, शेजारच्या सीटवर औषधांची पेटी, आणि खेड्यापाड्यातून बोलावणं आलं की निघाल्या. उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला लागत. त्या गाडीची सीट पुढं सरकत नव्हती. ब्रेक आणि क्लचच्या पट्ट्यांवर मी लाकडी ठोकळे बसवून दिले होते, पण स्टेरिंग होतं तिथंच राहिलं. पाठीमागं उशी घेऊन, हात ताणून त्या चालवायच्या.

मी दोनदा म्हणालो, "बाई, हे पुढं ओढून देतो. खांदे सुटतील तुमचे."

पहिल्यांदा त्या गाडी सुरू करून निघून गेल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "राहू द्या मिस्त्री. त्यांच्या हाताच्या मापानं लावलेलं आहे ते."

मी पुन्हा विषय काढला नाही. तिसऱ्या वर्षी नवरात्रात अष्टमीच्या दुपारी बाई स्वतःच आल्या. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता. म्हणाल्या, "रात्री हात वर होत नाही. काल एका बाळंतिणीपाशी माझा हात थरथरला. आता ओढा ते पुढं."

मी मधलं बटण काढलं, कडी काढली, दांडा रॉकेलनं पुसला, ग्रीस लावलं आणि चाक चांगलं तीन बोटं मागं, म्हणजे बाईंच्या दिशेनं ओढलं. बाई बसल्या. मनगट टेकवलं. मी कपाशीचा भाव विचारला नाही, त्यांची लेक पुण्याला कितवीत गेली ते विचारलं. त्यांनी थोडा वेळ चाक दोन्ही हातांनी नुसतं धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "असं असतं होय? मला वाटायचं मोटार चालवली की दुखायचंच." डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होत्या. "उद्या एकदा उशी काढून बसून बघते. मग पक्कं करा."

म्हणून मी दांड्यावर खडूनं खूण केली, बोल्ट हातानंच आवळून ठेवला आणि मधलं बटण वरून नुसतं दाबून बसवलं. गाडी शेडमध्ये राहिली. कडी आणि पाने एका टोपल्यात टाकले आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी आंघोळ करून येईपर्यंत आईनं पाट मांडला होता. पाने, पक्कड, हातोडे, जॅक, सगळं लखलखीत घासून ओळीनं. कुंकवाची बोटं, तांदूळ, झेंडू. गाडीच्या नाकावरही एक हार. मी नमस्कार करायला वाकणार, तेवढ्यात दारात सायकलरिक्षा थांबली. बाई पेटी घेऊन उतरल्या आणि त्यांच्यामागं धोतर-टोपीतला एक माणूस. तो मोझरीच्या पलीकडच्या एका खेड्यातून पहाटेच्या गाडीनं आला होता. त्याचा आवाज बसला होता.

"माह्या वैनीले काल दुपारपासून कळा हायत," तो मलाच सांगू लागला, जणू माझ्या हातात काही होतं. "दाई म्हनते लेकरू आडवं हाय. भाऊ माहा तिकडे डोकं आपटून रायला."

बाई गाडीत बसल्यासुद्धा. उशी त्यांनी मागं टाकून दिली. मनगट चाकावर ठेवून बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झालंय ना, मिस्त्री?"

माझ्या मागं पाट होता. पाटावर कुंकू लावलेला पाना. शेजारी आई हात जोडून उभी. माझ्या डोळ्यांपुढं गोविंद मिस्त्रींची तीन बोटं आली. मी खाली वाकलो, फडक्यानं बोल्ट धरून जीव खाऊन पिळला, जेवढा बोटांनी पिळता येतो तेवढा. मनाशी म्हणालो, कॉलर थोडी ढिली असली तरी कडी आहेच की. आणि तोंडानं म्हणालो, "झालं."

गाडी गेली. तो माणूस टोपी हातानं दाबून शेजारी बसला होता.

मी परत येऊन पाटापुढं बसलो. वाकलो. डोकं टेकवून वर बघतो तर सगळ्यात मोठ्या पान्याच्या शेजारी, फुलाखाली, कुंकू लावलेली ती लोखंडी कडी. आईला काय ठाऊक ती गाडीची? टोपल्यात होती, लोखंडाची होती, घासून तिनं पूजेत मांडली.

  त्या गाडीचं चाक आता माझ्या बोटांच्या जोरावर दांड्यावर उभं होतं. खड्ड्यातून गाडी उडाली, बाईंनी आधारासाठी चाक जरा स्वतःकडे ओढलं, असं चारदोनदा झालं की ते निघून त्यांच्या मांडीवर. हातात चाक, आणि गाडी कुठंही. बाई जाणार, तो टोपीवाला जाणार, आणि तिकडे खेड्यात आडवं लेकरू पोटात घेऊन पडलेली तीही. मी वाकून नमस्कार करत होतो आणि तेवढ्या वेळात हे सगळं घडू शकत होतं.

मी पाना उचलला. कडी उचलली. फुलं खाली पडली.

"बापू, काय करून रायला तू?" आईनं माझा हात धरला. "पूजेतलं हाय ते. काहून उचललं?"

"येतो," म्हणालो. दुसरं काही सांगायची छाती झाली नाही. तिला सांगितलं असतं तर दोष तिच्यावर गेला असता, आणि तो तिचा नव्हता.

मोटारस्टँडवर नागपूरकडची एसटी सुटायच्या बेतात होती. तिलाही हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. ड्रायव्हरच्या शेजारी खोबऱ्याच्या प्रसादाचा डबा. तो भला माणूस प्रत्येक थांब्यावर उतरून ओळखीच्यांना प्रसाद देत होता. मी पुढच्या बाकावर बसलो होतो. खिशात कडी, मुठीत पाना. एकदा म्हणालो, "भाऊ, जराशी घाई करा ना."

"सणावाराची कायची घाई?" तो म्हणाला आणि माझ्याही हातावर खोबरं ठेवलं. मी ते धरून बसलो. 

रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे खड्डे मी बघत होतो. उजवीकडचा, मग डावीकडचा. लाल काही दिसलं की मी बाकावरून अर्धा उठायचो. लाल लुगडं असायचं, नाहीतर मिरच्या वाळत घातलेल्या. नांदगाव पेठ मागं पडलं. पुढं एका पुलाजवळ माणसांचा घोळका दिसला, सगळे वाकून खाली बघत होते. मी उभा राहिलो. माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण शेजारच्या बाईनं लेकराला जवळ ओढलं. एसटी हळू झाली. खाली बैलगाडी होती, आस मोडलेली, आणि लोक सरकीची पोती उचलत होते. मी बसलो.  त्या वेळी मी देवीला नवस बोललो नाही, कारण पूजेतलं लोखंड माझ्या मुठीत होतं आणि कोणत्या तोंडानं बोलणार?

मोझरीला महाराजांच्या आश्रमात सणाची गर्दी होती. फाट्यावरच्या चहावाल्याला विचारलं, लाल उघडी मोटार गेली का.

"गेली ना. बाई चालवून रायली होती. लय वाकून बसली होती स्टेरिंगवर, दोन्ही हातानं दाबून. थांबली होती इथं जराशी, त्या सायकलवाल्यापाशी. हवा भरली असन."

जिवंत आहेत, एवढंच मी ऐकलं. बाकीचं कानाआड गेलं. तिथून आत दीड कोस मातीचा रस्ता. मी निम्मा पळत, निम्मा चालत गेलो. पावसाळा नुकताच सरलेला, चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. त्या धुळीत बाईंच्या गाडीच्या अरुंद टायरांचा माग मी वाचत गेलो. जिथं माग सरळ होता तिथं पळायचो. जिथं जरा वळला, तिथं पाय थांबायचे आणि मी आधी दूरवर नजर टाकायचो. नाल्यावर माग सरळ उतरून सरळ चढला होता. तिथं मी खाली बसलो आणि रडलो. पुन्हा उठून पळालो.

गाडी लिंबाखाली उभी होती. घरातून एका बाईचं ओरडणं आणि मधूनच डॉक्टरीणबाईंचा शांत आवाज येत होता. ओट्यावर चारपाच माणसं खाली मान घालून बसली होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी गाडीत वाकलो आणि कॉलरच्या बोल्टला पाना लावला.

बोल्ट हलला नाही.

मी जोर केला. पाव आटाही फिरला नाही. चाक खडूच्या खुणेवर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मला वाटलं डोकं फिरलं आपलं. माझ्या बोटांनी हे होणं शक्य नव्हतं. मी चोवीस वर्षांचा होतो, ताकद होती, पण बोटं ती बोटं. मग एकदम सगळं उमगल्यासारखं वाटलं. पूजा आईनं मनापासून केली होती. अंबादेवीनं आवळलं, दुसरं कोण? मी मधलं बटण काढून कडी बसवली. कडी दोनदा पायाशी पडली. कडीवरचं कुंकू ग्रीसमध्ये कालवलं जाऊन चाकाला लागलं. सदऱ्याच्या बाहीनं पुसलं तरी थोडं राहिलंच.

दुपार कलताना आतून लेकराचं रडणं आलं. मुलगी. आई आणि लेक दोघीही सुखरूप. सकाळचा टोपीवाला बाहेर येऊन ओट्याच्या खांबाला मिठी मारून उभा राहिला. बाई हात पुसत आल्या आणि मला बघून थांबल्या.

"मिस्त्री? तुम्ही इथं कसे?"

तोच क्षण होता. कोणी अडवलं नव्हतं. मी म्हणालो, "मोझरीले आलो होतो, दर्शनाले. म्हटलं पाहावं गाडी कशी चालून रायली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चाकाच्या मधोमध लागलेल्या कुंकवाकडे. "फार छान चालली," त्या म्हणाल्या. "खांदा अजिबात दुखला नाही. बसा, अमरावतीला सोडते." परतीच्या सगळ्या वाटेत बाई त्या बाळंतपणाबद्दल बोलत होत्या आणि मी पाना मांडीखाली लपवून बसलो होतो.

आईला मी घडलेलं सगळं सांगितलं, फक्त तिनं कडी मांडल्याचं सोडून. तिनं अंबादेवीला नारळ दिला आणि पाटापुढं माझ्याकडून नाक घासून घेतलं. माझी बोटं मात्र शाबूत राहिली. गोविंद मिस्त्रींचा हात आठवला की मी माझी दहाही बोटं मोजायचो. पुढं हळूहळू भीतीची गोष्ट झाली, गोष्टीचा चमत्कार झाला. मी तो चमत्कार गिऱ्हाइकांना सांगायला लागलो, नावगाव वगळून. लोक हात जोडत. डॉक्टरीणबाईंना तेवढं मी कधी सांगितलं नाही. मिस्त्रीनं काम अर्धवट ठेवलं होतं हे कळलं तर गाडी दुसरीकडे जाईल, अशी पहिली भीती. नंतर, इतक्या उशिरा सांगितलं तर काय वाटेल, ही दुसरी. वर्ष जाईल तशी दुसरी मोठी होत गेली.

बाई मात्र दर वर्षी अष्टमीला, म्हणजे पूजेच्या आदल्या दिवशी, गाडी घेऊन यायच्या. "बघा मिस्त्री, काही आवळायचं राहिलंय का?" असं विचारून स्टुलावर बसायच्या. मी सगळे बोल्ट तपासायचो. "काही नाही बाई, सगळं घट्ट आहे," म्हणायचो. त्या आणखी थोडा वेळ बसून राहायच्या, जणू त्यांचं काम संपलं नव्हतं. मग जायच्या. अशी दहा-बारा वर्षं गेली.

साठचं दशक सरत आलं तेव्हा त्यांनी काम थांबवलं. लेकीकडे पुण्याला जायचं ठरलं, गाडी विकली. जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी रिक्षानं गॅरेजवर आल्या आणि औषधांच्या पेटीतून मलमलीच्या पट्टीत गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. पाना होता. सायकलच्या दुकानात असतो तसला, साधा, काळा पडलेला.

"मोझरीच्या सायकलवाल्याचा आहे," त्या म्हणाल्या. "त्या खंडेनवमीचा."

मी पाना उलटसुलट करून बघू लागलो.

"नांदगावच्या पुढं चाक माझ्याकडे सरकायला लागलं. पहिल्यांदा वाटलं भास आहे. मग दोन्ही हातांनी आत दाबून मोझरीपर्यंत नेलं. शेजारच्या माणसाला सांगितलं नाही, आधीच अर्धा मेला होता. सायकलवाल्याची पूजा झालेली. तो पान्याला हात लावेना. म्हटलं, बाबा, तू लावू नकोस, मी लावते. त्यानं डोळे मिटून घेतले. मी पाना उचलला, मनगट टेकवून माप बघितलं, तुम्ही शिकवलं होतं तसं. खडूची खूण होतीच. आवळून टाकलं. पाना घेऊन निघाले. परत जाताना द्यायचा होता, पण शेजारी तुम्ही होतात."

मी पाना पुन्हा मलमलीत गुंडाळू लागलो.

"मी रागावले नव्हते. घाबरले होते, ते खरं. पण गावात पोचल्यावर तुम्ही आलेले दिसलात, चाकाला कुंकू लागलेलं दिसलं, तेव्हा कळलं की तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरलात. वाटलं, आज नाही तर उद्या सांगाल. म्हणून येत राहिले."

दर अष्टमीला त्या स्टुलावर का बसून राहायच्या ते मला तेव्हा कळलं.  त्यांनी पेटी बंद केली आणि उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "मिस्त्री, मी तिथंच तुमच्यासमोर होते. पाना पूजेत आहे, एवढं नुसतं म्हणाला असतात तर तो तिथंच मी उचलला असता. मला काय, मी डॉक्टर. मला सुतक नाही आणि सोवळंही नाही."

मी त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेलो. तरीही "चुकलो" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. रिक्षा वळली, आणि मग निघाला. पुण्याला त्या पुढं सहा वर्षं होत्या. मी चारदा पत्र लिहायला बसलो. गेल्याचं कळलं तेव्हा चौथं अर्धवट पत्र माझ्या पेटीत होतं.

गॅरेज आता मुलगा बघतो. खंडेनवमीला आजही पाट मांडतो, झेंडू वाहतो, माझ्याकडून नमस्कार करून घेतो. सगळी अवजारं असतात. एक काळा, सायकलवाल्याचा पाना मात्र खिळ्याला टांगलेला असतो, दाराजवळ, सहज हाताशी येईल असा. सुनेनं एकदा विचारलं, "मामंजी, याले काहून नाही मांडत?" मी म्हणालो, याची पूजा एकदा झाली आहे, आणि ती मोडली एका बाईनं. यंदाही तो बाहेरच आहे. पूजा झाल्यावर मी दारातल्या स्टुलावर जाऊन बसलो, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीचं स्टेरिंग बघत राहिलो.